काकवीची खाज

काकवी माझी कुत्री. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे पेणच्या अर्ध्या आळीला ती माझ्या बहिणीची वाटायला लागली होती.

वडखळच्या नाक्यावर एसटी पंक्चर झाली होती आणि प्रवासी खाली उतरून वडापाव खात होते. हॉटेलच्या मागे, भांडी घासायच्या जागी, एक पिल्लू चिखलात बसलं होतं. रंग अगदी काकवीचा, गुळापेक्षा गडद आणि उन्हात लालसर. मी तिला ओढणीत गुंडाळलं आणि रोह्यापर्यंत मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने दोनदा निरखून पाहिलं, पण तिकीट मागितलं नाही.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हिला सांभाळणार कोण?"

"मी."

"तू दिवसभर कंपनीत."

"मग तुम्ही."

"माझ्याच्यानं नाय होणार," बाबा म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या आरामखुर्चीखाली गोणपाट अंथरलेलं होतं आणि काकवी त्यावर झोपली होती.

आमचं घर अष्टमीत, नदीच्या या काठाला. घरात बाबा आणि मी, दोघंच. आई गेली, माझा भाऊ एझ्रा इस्राएलला गेला, आणि थोरली डेबोरा पेणला सासरी. एके काळी आमच्या आळीत सगळी घरं आमच्या यहुदी लोकांची होती. आता कुलपंच जास्त. मी ठाण्याला मावशीकडे राहून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागले. सकाळी काकवी मला नाक्यापर्यंत सोडायला यायची, संध्याकाळी घ्यायला यायची. शुक्रवारी दिवा लावला की ती न बोलावता बाबांच्या गुडघ्याशी येऊन बसायची. घरातल्या माणसांसारखी तीही वार ओळखते, असं आम्हाला वाटायचं.

ती पुरती मोठी झाली आणि खाज सुरू झाली. आधी पुढचे पंजे चाटणं, मग कानामागे, मग काखेत आणि पोटाखाली. खाजवता खाजवता केस गेले, खालची कातडी गुलाबी झाली, मग जाड आणि काळपट. मागच्या पायाने खाजवताना तिचं ढोपर फरशीवर आपटायचं. तो ठक ठक आवाज आमच्या घरातलं घड्याळ झाला.

रोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ठक ठक थांबलं. आठवड्याभराने पुन्हा चालू. दुसऱ्या इंजेक्शनानंतर आणखी लवकर चालू झालं. गोचीड नव्हते, पिसवा नव्हत्या. खरूज असेल म्हणून मी ब्लेडने तिच्या काखेतली कातडी हलकेच खरवडली आणि बाटलीत घालून कंपनीत नेली. जेवणाच्या सुट्टीत काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आमच्या साहेबांनी विचारलं, "कुठल्या बॅचचं सॅम्पल?"

"घरचं, सर."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी काच इंचाइंचाने सरकवून पाहिली. खरजेचा किडा एकही नाही, बुरशी नाही. म्हणजे ही अ‍ॅलर्जी. मला बरं वाटलं, कारण निदान एक शक्यता तरी खोडता आली.

"तुझ्या यंत्रात काय दिसत नाय म्हणून तिची खाज थांबली नाय ना," बाबा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठाण्याला ठरलं. मावशीकडे बरेच दिवस राहायचं होतं आणि तिथे कुत्रं चालणार नव्हतं. मी नाइलाजाने पेणला फोन लावला.

"एवढंच ना? आण की," डेबोरा म्हणाली. "माझ्याकडं कायपण टिकतं."

ते खरं होतं, आणि तेच मला नको होतं. लहानपणी आमच्या घरी कोंबड्या होत्या. दाणे मी टाकायचे आणि त्या डेबोराच्या मागे जायच्या. शेजारची तान्ही पोरं माझ्या कडेवर रडायची आणि तिच्या कडेवर झोपायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा औषधांच्या वेळा मी पाळल्या, पण पाणी तिला डेबोराच्याच हातून हवं असायचं. मी पाण्याचा पेला धरून उभी असले तरी आई विचारायची, "डेबू कुठं गेली?" डेबोराने कधी यातलं काही मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

माझा मेहुणा एलियाह टेम्पो चालवतो. पावसाळ्याआधी मीठ, पावसाळ्यात पेणच्या कारखान्यांतले गणपती. त्याच्या टेम्पोत मिठाच्या रिकाम्या गोण्यांवर काकवीला बसवून दिलं. टेम्पो वळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. ते मी लक्षात ठेवलं.

ठाण्याहून परतताना आम्ही थेट पेणला उतरलो. बाबांच्या डोळ्यावर काळा चष्मा होता. मी पिशवी घेऊन पुढे झाले आणि अंगणात मला एक कुत्री दिसली. माझी ओळख पटायला क्षणभर लागलं. कानामागे केस आले होते. पोट स्वच्छ. अंग इतकं तुकतुकीत की उन्हात काकवीचा तो लालसर रंग मला बऱ्याच दिवसांनी पुन्हा दिसला.

"काकवी," मी हाक मारली.

ती आली. माझा हात हुंगला, शेपटी हलवली, आणि मग परत जाऊन डेबोराच्या पायाशी बसली. डेबोरा मासे साफ करत होती. तिने वरही पाहिलं नाही, कोपराने काकवीला थोडं बाजूला सारलं, जसं आपल्या माणसाला सारतात.

"काय केलंस हिला?" मी विचारलं.

"काय नाय गो. करंजेल चोळते रोज. आजोबांच्या घाण्यावर बैलांना लावायचे तसं." आमचे आजोबा तेली, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. "आणि थोडं बोलत बसते तिच्याशी."

"डेबोराच्या हाताला गुण हाय," तिची सासू शीराबाई ओसरीवरून म्हणाली. "माझा गुडघापण तिच्याच तेलानं सुटला. तुमची दीना शिकलेली, पण हात तो हात."

"आई, उगाच काय," डेबोरा म्हणाली आणि गालात हसली. "ती डॉक्टरीणबाई आहे आमची. मी आपली चोळत बसते."

एलियाह म्हणाला, "दीनाताई, राहू दे ना तिला इथंच. टेम्पोत माझ्या शेजारी काय ऐटीत बसते. गिऱ्हाइकं तिलाच नमस्कार करतात."

सगळे हसले. बाबाही हसले. मी काकवीला पट्टा लावला आणि म्हटलं, एसटी चुकेल.

रोह्यात ती पहिले काही दिवस चांगली राहिली. मी करंजेल आणलंच होतं, डेबोराच्याच बाटलीतलं. रोज संध्याकाळी चोळत होते, तिच्याशी बोलतही होते, जरी काय बोलायचं ते मला सुचायचं नाही. मग एके दिवशी सकाळी चहा गाळताना मला आवाज आला. ठक ठक ठक.

पेणला गुरांचे एक म्हातारे डॉक्टर होते. मी एकटीच त्यांच्याकडे जाऊन आले आणि डेबोराच्या घरी न जाता परत फिरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाते काय?" म्हणाले, कधी कधी एखादं धान्य सोसत नाही, कधी दूध, कधी कोंबडी. एकच धान्य आणि एकच मासा ठेवा. बाकी कणभर काही नको. महिना-दोन महिने नेटाने करा. इंजेक्शन बंद.

हे मला पटलं. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची, ही माझ्या सवयीची वाट होती. फक्त एक अडचण होती. डेबोराला विचारावं लागणार होतं.

"ताई, तू तिला खायला काय द्यायचीस?" मी नाक्यावरच्या पी.सी.ओ.तून विचारलं.

"भात आणि बोई माशांची डोकी उकडून. का गो? पुन्हा खाजवते काय?"

"नाही. सहज विचारलं."

"खाजवत असेल तर पाठव इकडं. माया लागते जनावराला."

मी फोन ठेवला. बूथवाल्या केरूने विचारलं, "घरी सगळं बरं ना?" मी म्हटलं, एकदम बरं.

मी घरात नियम घातला. काकवीला भात आणि बोई, दोन वेळा, माझ्या हाताने. दूध बंद. बाबांचं चहात बुडवायचं कडक बटर बंद, जे ते तिला अर्धं मोडून द्यायचे. पाव, बिस्किट, आमच्या ताटातलं काहीही बंद. बाबांना मी समोर बसवून सांगितलं.

"तिच्या तोंडाला मी काय लावणार नाय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. मी लपूनही पाहिलं. चहाच्या वेळी ती त्यांच्याकडे टक लावून बसायची आणि ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे, म्हणजे नजर द्यायला नको. शेजारच्या इंदुबाई तिला भाकरी टाकायच्या, त्यांनाही मी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमची शुगरवाली काय?"

खाज कमी झाली, पण गेली नाही. आणि कमी होण्यातही एक विचित्र क्रम होता. शनिवार संपता संपता ती पंजे चाटायला लागायची. रविवार-सोमवार सगळ्यात वाईट. मग उतार. गुरुवारपर्यंत आवाज जवळजवळ बंद. मला वाटायचं, झालं, जिंकलो. आणि शनिवारी पुन्हा तेच. दर आठवड्याला.

असा क्रम दिसला की त्यामागे कारण असतं. आठवड्यातून एकदा होणारं काय आहे, याचा मी विचार केला. मी तिला शनिवारी अंघोळ घालत नव्हते. फवारणी नव्हती. मग मला वाऱ्याचा वास आठवला. धाटावच्या कारखान्यांच्या बाजूने शनिवार-रविवारी वास जास्त येतो, असं अष्टमीत सगळेच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तपासायला कोणी नसतं म्हणून कोणी कोणी काहीतरी सोडतं, असंही म्हणतात. मी स्वतः तिथेच काम करते, तरी मला ते खोटं म्हणता येत नव्हतं. पेणला हा वास नाही. पेणला ती बरी होती. भात तोच, मासा तोच, तेल त्याच बाटलीतलं. फरक फक्त हवेचा. आणि डेबोराचा, पण डेबोरा हे काही कारण म्हणून मांडता येत नव्हतं.

मांडणी मला जितकी पक्की वाटायला लागली, तितकी ती मला नकोशी व्हायला लागली. कारण तिचा शेवट एकच होता. हवा मी बदलू शकत नव्हते. काकवीला बरं राहायचं असेल तर तिला पेणला जायला हवं होतं.

मी तीन-चार दिवस फोन केला नाही. एका सोमवारी कामावरून आले, तर तिने काखेत कातडी फोडून घेतली होती आणि रक्त गोणपाटाला लागलं होतं. मी तशीच नाक्यावर गेले.

"ताई, तू घेऊन जा तिला."

पलीकडे डेबोराने एलियाहला हाक मारून काहीतरी विचारलं. मग म्हणाली, "शुक्रवारी एलियाह गणपती घेऊन रोह्याला येतोय. मी पण येते, पोरं सासूबाईंजवळ राहतील. रविवारी त्याच्याच टेम्पोनं नेऊ तिला. तेवढीच बाबांना भेटते." तिच्या आवाजात आनंद होता. तो लपवायचा तिने प्रयत्न केला, हे मला जास्त लागलं.

शुक्रवारी दुपारी टेम्पो दारात थांबला. मागे प्लास्टिकखाली पंधरा-वीस गणपती, पुढे माझी बहीण. काकवी आधी कान टवकारून उभी राहिली आणि मग अशी धावली की तिच्या नखांचा पायरीवर आवाज झाला. डेबोरा खाली बसली आणि काकवीने तिचं तोंड, हात, पदर सगळं चाटून काढलं. माझ्यासाठी ती रोज नाक्यापर्यंत येते. पण अशी कधी धावली नाही.

"बघू तुझे कान. अरे देवा, काय केलं तुला," डेबोरा तिला म्हणाली.

"मी काही केलं नाही," मी म्हटलं.

"तुला कोण बोललं?"

एलियाह चहा पिऊन गणपती पोचवायला गेला. मी चपात्या केल्या, डेबोराने बोयांचं आंबट केलं. काकवीचं तिच्या ताटलीत भात आणि मासा, नेहमीसारखं. दिवेलागणीला मी दिवा लावला. बाबांनी टोपी घातली, मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना म्हटली आणि प्याला आमच्याकडे फिरवला. मग हात धुऊन त्यांनी चपात्यांवरचं फडकं काढलं, हमोत्सीचा आशीर्वाद म्हटला, चपाती मोडली आणि तुकडा मिठाला लावला. पहिला स्वतः खाल्ला. दुसरा मला दिला. तिसऱ्याला त्यांचा हात सवयीने खाली गेला, आणि गुडघ्याशी बसलेल्या काकवीने तो हलकेच ओठांनी उचलला.

चौथा तुकडा त्यांनी डेबोरासमोर धरला.

डेबोराने तो घेतला नाही. तिने काकवीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"तिला माझ्याआधी?" ती म्हणाली.

"अगो, सवय," बाबा म्हणाले. "ती दर शुक्रवारी इथंच बसते."

"दर शुक्रवारी तुम्ही तिला हमोत्सी देता?"

"तुकडाच तर देतो."

"लग्न झाल्यापासून मला तुमच्या हातचा मिळाला नाय," डेबोरा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आमच्याकडं एलियाह मोडतो. आधी आईंना, मग पोरांना. माझ्यापर्यंत येईतो चपातीची कड उरते. आणि ही बसलीय दर शुक्रवारी."

बाबांनी तुकडा परत ताटात ठेवला नाही. ते हात पुढे धरूनच राहिले. माझं लक्ष मात्र डेबोराच्या दोन शब्दांवर अडकलं होतं. दर शुक्रवारी.

शुक्रवारी संध्याकाळी गव्हाचा तुकडा. शनिवारी पंजे. सोमवारी रक्त. गुरुवारी शांत.

मी त्या टेबलाशी दर आठवड्याला बसत होते. तिसरा तुकडा खाली जाताना दर आठवड्याला पाहत होते. बटर बंद केलं, इंदुबाईंची भाकरी बंद केली, वाऱ्याला दोष दिला. पण हा तुकडा मी कधी पाहिलाच नाही, कारण आमच्या घरात ते खाणं नव्हतं. दिवा लावतो तसं ते होतं. दिवा लावला तर कोणी म्हणतं का, आज घरात तेल संपवलं? आणि पेणला शीराबाई कुत्र्याला उंबरा ओलांडू देत नाही. जेवणाच्या वेळी तिथे काकवी मागच्या पडवीत बांधलेली. शुक्रवारचा तुकडा तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. हवा नव्हे, तेल नव्हे, हातही नव्हे.

हातही नव्हे, हे मनात आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी आंबटाचा मोठा घास घेतला आणि ठसका लागला.

जेवणानंतर भांडी आवरताना मी डेबोराला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातातलं पातेलं तसंच धरून.

"म्हणजे गहू," ती म्हणाली.

"गहूच. आणि माझ्या लक्षात आलं ते तू रुसलीस म्हणून."

"मी रुसले नाय." तिने पातेलं खाली ठेवलं. "बाबांना सांगणार तू?"

"सांगायला नको?"

"कशाला? आई गेली, एझ्रा गेला, मी गेले. त्यांच्या हाताला पाच तुकडे मोडायची सवय. उरलेल्यातला एक त्यांनी हिला दिला. आता त्यांना सांगणार, तुमच्या हातानंच तिचं रक्त निघालं? त्यापेक्षा मी नेते तिला. तिकडं ती बरी राहते. त्यांना कळायचं पण नाय."

"म्हणजे कुत्री पण तुझी आणि चांगुलपणा पण तुझा."

"तसं समज."

"तसंच आहे. तुझ्याकडं सगळं येतं, ताई. न मागता. कोंबड्यांपासून."

"कोंबड्या?" तिने पदराला हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझ्याकडं बाबा हायत. पगार हाय. तू मावशीकडं राहून शिकलीस, तेव्हा मी इथं आईची भांडी धरत होते. माझ्याकडं काय हाय गो? सासूचा गुडघा."

बाहेर बाबा खोकले. मी तिने ठेवलेलं पातेलं पुसायला घेतलं. काकवी दोघींच्या मधे येऊन उभी राहिली, कुठे बसावं ते ठरत नसल्यासारखी, आणि शेवटी पाण्याच्या पिंपाशी जाऊन पडली.

शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपून बाबा खुर्चीत बसले. मी समोर स्टूल घेतलं. डेबोरा दारात उभी होती, मला अडवावं की नाही या विचारात.

"बाबा, काकवीला गहू सोसत नाही."

"गहू कुठं देतो मी? बटर बंद केलंस, पाव बंद केलास."

"काल दिलात."

"काल?" ते आठवायला लागले. खरोखरच आठवायला लागले. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "ती हमोत्सी होती."

"हो."

"ते काय खाणं हाय?"

"तिच्या पोटाला ते कळत नाही, बाबा."

खुर्चीखाली काकवी पंजा चाटत होती. तो ओला आवाज तिघांनाही ऐकू येत होता. बाबांनी वाकून तिचा पंजा तोंडातून सोडवला आणि हातात धरून ठेवला.

"तांदळाची भाकरी देऊ या," मी म्हटलं. "तुकडा भाकरीचा."

"भाकरीवर हमोत्सी होत नाय."

"तिला हमोत्सी नकोय. तिला तुमच्या हातून काहीतरी हवंय."

"तिला काय हवंय ते तुला काय माहीत," बाबा म्हणाले. पण ते माझ्याकडे बघून नाही, दाराकडे बघून म्हणाले, जिथे डेबोरा होती.

डेबोराने माझ्याशी करार केला. दिवाळीपर्यंत काकवी रोह्यात राहील. तोवर खाज गेली तर माझी. नाही गेली तर टेम्पो येईल आणि मग मी तोंड उघडायचं नाही. रविवारी एलियाह आला आणि ती एकटीच त्याच्या शेजारी बसली. खिडकीतून म्हणाली, "तेल चोळ मात्र. आळस नको करू."

पुढच्या शुक्रवारी बाबांचा हात खाली गेला आणि मधेच थांबला. काकवीने मान वर केली होती. त्यांनी तुकडा परत ताटात ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडून तिला दिला. तिने तो आनंदाने खाल्ला. तिला काही फरक नव्हता. चपातीचा तुकडा मात्र मीठ लागलेला तसाच ताटात पडून राहिला. मी तो सहज घेऊ शकले असते. पण बाबांनी तो मला दिला नव्हता, आणि मागून घ्यायचा तो तुकडा नव्हे. सकाळी मी तो वाळलेला उचलला आणि नदीवर माशांना टाकला. तसं दर शुक्रवारी होत राहिलं.

ठक ठक थांबलं. आधी सोमवार सुटला, मग रविवार. नवरात्रापर्यंत काखेत बारीक केस दिसायला लागले, पिल्लाच्या अंगावर असतात तसे मऊ. मी कंपनीतून आले की आधी तिला उलटी पाडून तपासायचे, मग बूट काढायचे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिला बघून इंदुबाई म्हणाल्या, "शुगर उतरली वाटतं."

करार होता म्हणून मी स्वतःच डेबोराला फोन केला. "ये आणि बघ," मी म्हटलं. हे वाक्य बोलायची मी बरीच वाट पाहिली होती.

ती शुक्रवारी आली. काकवी पायरीवरून धावली, अगदी मागच्यासारखीच. डेबोराने तिला अंगणात उन्हात नेऊन कान उलटे करून पाहिले, काखा पाहिल्या, पंजाच्या बोटांमधली जागा पाहिली. मी बाजूला हाताची घडी घालून उभी होते.

"करंजेल लावतेस ना?" तिने विचारलं.

"लावते."

"मग त्यानंच."

"ताई, गहू बंद केला म्हणून."

"त्यानं पण," ती म्हणाली आणि काकवीचं पोट खाजवायला लागली. काकवीने चारही पाय वर केले.

संध्याकाळी बाबांनी हमोत्सी म्हटली. चपाती मोडली, मिठाला लावली, पहिला तुकडा स्वतः खाल्ला. मी हात पुढे केला. पण बाबांचा हात माझ्यावरून पलीकडे गेला आणि दुसरा तुकडा त्यांनी डेबोराच्या तळहातावर ठेवला. ती थोरली आहे; पूर्वी असंच असायचं. इतक्या वर्षांत ताईच्या मागच्या नंबराची मला सवय राहिली नव्हती. डेबोराने तुकडा लगेच खाल्ला नाही. मूठ मिटून क्षणभर धरून ठेवला, आणि मग तोंडात टाकला.

तिसरा मला मिळाला. मग भाकरीचा तुकडा खाली गेला. ताटात काही उरलं नाही.

"महिन्यातून एकदा येत जाईन म्हणते," डेबोरा म्हणाली. "हिची तब्येत बघायला. आईंना विचारते."

"ये ना," बाबा म्हणाले. "टेम्पो येतोच."

"ये," मीही म्हटलं. काकवी माझ्याकडेच राहणार होती, ते ठरलं होतं.

जेवताना मला टेबलाखाली काकवीची हालचाल जाणवली. मी जरा वाकून पाहिलं. तिने हनुवटी डेबोराच्या पावलावर टेकवली होती आणि डोळे मिटले होते. डेबोरा पाय हलू नये म्हणून जरा वाकडीच बसून जेवत होती.

मी माझा पाय हळूच पुढे सरकवला, अगदी तिच्या नाकाजवळ, आणि भात कालवत वाट बघत राहिले.